दीवला निघाला, घारापुरीला उतरला

दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही मावस, आत्ये, चुलत भावंडं दोन गाड्या भरून गणपतीपुळ्याला गेलो होतो. दर्शन झालं, डोंगराला प्रदक्षिणा घालून झाली आणि ऊन उतरल्यावर सगळे वाळूत पाय पसरून बसलो. कुणाच्या हातात शहाळं, कुणाच्या हातात भाजलेलं कणीस. फ्लोरिडात असतो तो आमचा दादा यंदा बऱ्याच वर्षांनी आला होता. त्यानं मोबाइल काढला आणि क्रूझचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

फोटो भारीच होते. मायामीहून सुटलेलं जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागतं. तिथं उतरायचं, छोट्या बोटीनं समोरचा किनारा गाठायचा, मग बसनं तुलुमला जायचं. माया लोकांचं हे तटबंदीचं गाव थेट समुद्राच्या कड्यावर आहे. खाली निळंशार पाणी, वर राखाडी दगडांची देवळं. क्रूझवाले याला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. जहाज बंदरात उभं आहे तेवढ्या वेळात जाऊन यायचं. दादाला तिथं जेमतेम दीड तास मिळाला आणि त्यातला निम्मा फोटो काढण्यात गेला, हे तो स्वतःच हसत हसत सांगत होता. येताना सगळ्यांसाठी पिरॅमिडचं चित्र असलेली, फ्रिजवर चिकटवायची मॅग्नेट्स आणली होती. ती वाटून झाल्यावर समोरच्या समुद्राकडे बघत तो म्हणाला, की आपला किनारा एवढा मोठा, पण जहाजातून उतरून प्राचीन अवशेष बघून यावेत असं आपल्याकडे कुणाला सुचलंच नाही.

सुचलं होतं की. आणि ज्याला सुचलं, त्याचं जहाज याच पाण्यातून, गणपतीपुळ्याच्या समोरून गेलं होतं. साल १५३८. माणसाचं नाव जुआंव द कास्त्रो. गोव्याच्या इतिहासात तो भेटतो तो पोर्तुगीज गव्हर्नर म्हणून, लांब दाढीवाला, हातात तलवार घेतलेला. पण या किनाऱ्यावरून तो पहिल्यांदा गेला तेव्हा गव्हर्नर वगैरे कुणी नव्हता. अडतीस वर्षांचा, गणिताचं वेड असलेला एक सरदार होता. ताफ्यातले बाकीचे लढाईच्या तयारीत होते आणि हा समुद्राची खोली मोजत बसला होता.

त्याचा जन्म २७ फेब्रुवारी १५०० चा, लिस्बनचा. बडं घराणं, वडील राजाच्या दरबारातले मोठे अधिकारी. वास्को द गामा कालिकतला पोचून दोनच वर्षं झाली होती. म्हणजे हा पोरगा वाढला तो अख्खं गाव जहाजं, मसाले आणि नवे देश यांच्याच गप्पा मारत असताना. त्याला शिकवायला होता पेद्रो नुनेश, त्या काळातल्या युरोपातला अव्वल गणिती. वर्गात बरोबर राजाचा भाऊ लुईश. या दोघांची दोस्ती जन्मभर टिकली. वडिलांच्या मनात मुलानं काही वेगळं करावं असं असणार, पण पठ्ठ्या अठराव्या वर्षी मोरोक्कोतल्या तांजियरला लढायला गेला आणि तिथं कित्येक वर्षं राहिला. १५३५ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं ट्यूनिसवर स्वारी केली, त्यातही तो लुईशबरोबर होता. तलवार आणि गणित या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहिल्या. पुढचं सगळं त्यातूनच घडलं, चांगलंही आणि वाईटही.

एप्रिल १५३८ मध्ये नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या लिस्बनहून गोव्याला निघाला. कास्त्रो त्याच्याबरोबर होता. पाच महिन्यांचा कंटाळवाणा प्रवास. लोक आजारी पडत, भांडत, जुगार खेळत. कास्त्रोनं मात्र नुनेशनं तयार केलेलं एक सावलीचं यंत्र बरोबर घेतलं होतं आणि वाटेत जमेल तिथं तो त्यावर प्रयोग करत होता. प्रश्न होता होकायंत्राचा. होकायंत्राची सुई बरोबर उत्तर दाखवत नाही, थोडी इकडेतिकडे झुकते, हे खलाशांना ठाऊक होतं. या झुकण्यावरून आपण पूर्व-पश्चिम किती आलो ते काढता येईल, असा तेव्हा अनेकांचा ठाम समज होता. तो खरा असता तर समुद्रावरचं सगळ्यात अवघड गणित सुटलं असतं. कास्त्रोनं मोजमापं घेतली, तपासली आणि समज खोटा ठरवला. मोझांबिकजवळ तर त्याच्या लक्षात आलं की सुई भलतंच दाखवतेय. कारण शोधलं तर जवळ तोफ. लोखंडानं सुई बिघडते, ही गोष्ट आज आपल्याला शाळेत सांगतात. तेव्हा ती कुणीतरी जहाजावर उभं राहून पहिल्यांदा लिहून ठेवावी लागली होती.

सप्टेंबरात जहाजं गोव्याला पोचली. तिकडे दीवला तुर्की सुलतानाच्या आरमारानं वेढा घातलेला. मदतीला जायचं म्हणून नोरोन्याचा ताफा नोव्हेंबरात उत्तरेला निघाला. निघेपर्यंत वेढा उठलासुद्धा होता. उशिरा निघाल्याबद्दल नोरोन्याला पुढे खूप बोलणी खावी लागली. पण हा उशीर आपल्या पथ्यावर पडला असं म्हणायला हवं. घाई संपली, ताफा रमतगमत, बंदरं घेत चालला आणि कास्त्रोला हवा होता तेवढा वेळ मिळाला.

गोवा ते दीव या प्रवासाची त्यानं जी वही केली, तिला पोर्तुगीजमध्ये रोतेइरु म्हणतात. म्हणजे खलाशांसाठी वाटाड्या. नदी समुद्राला कुठे मिळते, तोंडाशी वाळूचा दांडा आहे का, भरतीला पाणी किती, ओहोटीला किती, लांबून ओळखायची खूण कुठली, डोंगर कसा दिसतो, गोडं पाणी कुठे मिळेल, सूर्य मोजून अक्षांश किती येतो. विजयदुर्ग, जैतापूर, राजापूरपासून वर सरकत तो एकेक खाडी टिपत गेला. आपल्या संगमेश्वराची नदी, म्हणजे जिला आपण शास्त्री म्हणतो आणि जी जयगडला समुद्रात येते, तीही त्यात आहे. नावं पोर्तुगीज कानांनी ऐकलेली. दाभोळचं दाबुल झालंय, खारेपाटणचं कारापाटांव. शेजारी चित्रंही आहेत. गोवा, दाभोळ, चौल, दीव. पाण्यातून दिसणारं गाव, माडांच्या रांगा, उभी असलेली गलबतं.

हे सगळं इथल्या तांडेलांना आणि खारव्यांना पाठच होतं. त्यांना विचारूनच त्यानं नावं लिहिली असणार, दुसरा मार्गच नव्हता. पण इतक्या बारकाईनं कागदावर उतरलेला कोकण किनारा त्याआधीचा माझ्या तरी माहितीत नाही. आपण गुगल मॅप्सवर जयगडची खाडी झूम करतो ना, तिच्या खापरखापरखापर पणजोबासारखं काहीतरी.

मग मुंबई. तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटं, कोळीवाडे, भातशेती आणि ताडमाड. चारच वर्षांपूर्वी, १५३४ च्या अखेरीला, गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. ताफा या भागात रेंगाळला आणि कास्त्रो छोट्या होडीतून घारापुरीला गेला. हीच ती आपली शोअर एक्स्कर्शन.

घारापुरीच्या किनाऱ्याजवळ तेव्हा काळ्या दगडाचा एक भलाथोरला हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. (हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पुढच्या वेळी पेंग्विन बघायला जाल तेव्हा त्यालाही भेटा, फार एकटा असतो.) टेकडी चढून वर गेलं की लेणं. सहाव्या शतकाच्या सुमारास अख्खा डोंगर आतून पोखरून काढलेला महाल, खांबांमागे खांब, आणि सगळ्यात आत अंधारात साडेपाच-सहा मीटर उंचीचे शिवाचे तीन चेहरे. आता तुम्हीच सांगा, आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा काय केलं? सेल्फी. कास्त्रोनं लेणं मोजलं. लांबी, रुंदी, उंची, खांब किती, रांगा किती, दालनं कुठे, कुठल्या भिंतीवर कुठल्या मूर्ती. नदीचं तोंड मोजावं तसं त्यानं ते देऊळ मोजलं. तिथून पुढे साष्टीतल्या कान्हेरीची लेणीही त्यानं अशीच पाहिली आणि लिहून काढली.

आणि मग तो थक्क झाला. हे माणसांच्या हातांनी केलेलं असेल यावर त्याचा विश्वासच बसेना. एक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस लिस्बनची भव्य चर्च बघून आलेला होता, रोमनांच्या इमारतींबद्दल वाचलेला होता, धर्मानं कट्टर कॅथलिक होता. दुसऱ्या धर्माच्या देवळाला नाक मुरडायचं हे त्या काळातलं नेहमीचं वागणं. त्यानं ते पुरतं टाळलं असं नाही, पण लेण्यातल्या कारागिरीचं कौतुक करताना त्यानं हात आखडता घेतला नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता चार वर्षं आधी तिथं जाऊन आला होता. पण मोजमाप घेऊन, जागेवर उभं राहून लिहिणारा युरोपीय म्हटला की कास्त्रोचं नाव पहिल्या ओळीत येतं.

माणसांनी केलेलं नसेल, हा विचार जरा टोचतो, नाही? हेच माया लोकांच्या वाट्याला आलं. १५१८ मध्ये हुआन द ग्रिहाल्वाची स्पॅनिश जहाजं युकातानच्या किनाऱ्यानं जात होती. त्यांना किनाऱ्यावर सेव्हिलएवढं मोठं वाटणारं शहर दिसलं. ते तुलुमच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे जंगलात एकाहून एक मोठी शहरं सापडत गेली, तेव्हा युरोपातल्या विद्वानांनी ती बांधायचं श्रेय इजिप्तवाल्यांना दिलं, फिनिशियनांना दिलं, समुद्रात बुडालेल्या खंडातल्या लोकांनासुद्धा दिलं. शेजारच्या शेतात मका लावणाऱ्या माणसाच्या पूर्वजांना सोडून सगळ्यांना. जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन वकील १८३९ मध्ये तिकडे गेला. कोपानचे अवशेष त्यानं चक्क ५० डॉलरला विकत घेतले आणि हे सगळं इथल्याच लोकांच्या वाडवडिलांचं आहे, असं ठासून लिहिलं. त्याचं युकातानवरचं पुस्तक आलं १८४३ मध्ये. गंमत बघा, कास्त्रोची गोवा ते दीवची वही तीनशे वर्षं पडून होती, ती पोर्तुगालमध्ये छापली गेली तीही १८४३ मध्येच.

घारापुरीनंतरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या दगडांची आहे. २२ डिसेंबर १५३८ ला वसईजवळ कास्त्रो पुन्हा होकायंत्र घेऊन बसला होता. सुई वेड्यासारखी फिरू लागली. या वेळी जवळ तोफ नव्हती. जागा बदलली, पुन्हा पाहिलं, सुई ताळ्यावर. परत त्या खडकाकडे गेलं की पुन्हा बिघाड. त्यानं निष्कर्ष काढला, की खडकच सुईला ओढतोय. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हापासून झालेला, त्यात लोहाचे कण असतात. खडकाच्या अशा स्थानिक ओढीची नीट शास्त्रीय मांडणी व्हायला पुढे कित्येक शतकं जावी लागली. त्याची पहिली नोंद आपल्या किनाऱ्यावरची आहे, हे किती जणांना माहीत आहे? फिजिक्सच्या पुस्तकात एक ओळ टाकायला हरकत नव्हती.

मार्च १५३९ पर्यंत तो गोव्याला परतला. पुढची मोहीम तांबड्या समुद्राची. १५४१ मध्ये पोर्तुगीज ताफा थेट सुएझपर्यंत गेला. तुर्कांची जहाजं जाळायचा बेत होता, तो फसला. कास्त्रोला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. तांबड्या समुद्राला तांबडा का म्हणतात? त्यानं पाणी बादलीत काढून पाहिलं, ते साधंच होतं. मग तळ पाहिला, तिथलं पोवळं वर काढायला लावलं आणि ठरवलं, की रंग पाण्याचा नाही, तळाचा आहे. त्या प्रवासाचीही सचित्र वही आहे. १५४२ मध्ये तो घरी गेला आणि लिस्बनजवळच्या सिंत्रा इथल्या टेकडीवर, पेन्या व्हेर्द नावाच्या आपल्या जागेत राहू लागला. फळझाडं काढून टाकून तिथं त्यानं रानटी झाडं लावली असं सांगतात. फळाची अपेक्षा न ठेवता झाड लावावं अशी काहीतरी त्यामागची कल्पना. गोष्ट इथं थांबली असती तर मी दादाला फक्त एवढंच सांगितलं असतं आणि आम्ही सोलकढी प्यायला उठलो असतो.

पण १५४५ मध्ये राजानं त्याला गव्हर्नर करून पुन्हा इकडे पाठवलं. बरोबर आल्वारो आणि फर्नांदो हे दोन मुलगे. पुढच्याच वर्षी गुजरातच्या सुलतानाच्या फौजेनं दीवच्या किल्ल्याला पुन्हा वेढा घातला. कास्त्रोनं पहिल्या मदतीबरोबर धाकट्या फर्नांदोला पाठवलं. विशीही न गाठलेला पोरगा. ऑगस्टमध्ये सुरुंग फुटून बुरूज उडाला आणि त्यात तो गेला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वतः मोठा ताफा घेऊन पोचला, लढाई जिंकला. किल्ला मात्र नावालाच उरला होता. तो पुन्हा उभारायला पैसे हवे होते आणि तिजोरीत खडखडाट.

तेव्हा त्यानं जे केलं ते पोर्तुगालमधली शाळकरी मुलंही सांगू शकतात. गोव्याच्या नगरसभेकडे त्यानं कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवायचा विचार केला होता, पण देह अजून मातीतून काढण्याजोगा झाला नव्हता. म्हणून त्यानं आपल्या दाढीचे केस कापून पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत केले. आपल्याकडे मिशीचा केस गहाण टाकायच्या गोष्टी आहेत, त्याच जातकुळीतली ही गोष्ट. फक्त यामागे एक ताजा मेलेला मुलगा आहे, म्हणून वाचताना हसू येत नाही.

एप्रिल १५४७ मध्ये गोव्यात त्याची विजययात्रा निघाली. रोमन सेनापतींची निघायची तशी. तटाची भिंत पाडून वाट केलेली, डोक्यावर पानांचा मुकुट, मागे हरलेल्यांची निशाणं आणि बेड्या घातलेले कैदी. पुढे युरोपात त्यावर भरजरी भित्तिवस्त्रं विणली गेली, ती आजही व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. घारापुरीच्या लेण्यात मोजपट्टी घेऊन उभा असलेला माणूस आणि हा मुकुटवाला, दोघं एकच आहेत हे पटवून घ्यायला मला वेळ लागतो.

त्याहून अवघड पुढचं आहे. विजापूरच्या आदिलशहाशी पोर्तुगीजांचं भांडण धुमसतच होतं. गादीवर दावा सांगणारा राजघराण्यातला एक जण पोर्तुगीजांनी गोव्यात आश्रयाला ठेवला होता आणि गोव्यालगतच्या साष्टी-बारदेशवरही दोघांचा हक्क. १५४७-४८ च्या मोहिमांमध्ये कास्त्रोची जहाजं आदिलशाहीच्या किनाऱ्यावर, म्हणजे आपल्या कोकणावर सुटली. किनाऱ्यावरची गावं पेटली. दाभोळ लुटलं आणि जाळलं.

दाभोळ म्हणजे त्या काळचं बडं बंदर. होर्मुझहून घोडे यायचे, इथून कापड जायचं, मक्केला जाणारी जहाजं इथून सुटायची. आधीही एकदा, १५०८ मध्ये, पोर्तुगीजांनी ते बेचिराख केलं होतं. माणसं परत आली, घरं पुन्हा बांधली, धक्का पुन्हा गजबजला. तेच गजबजलेलं दाभोळ कास्त्रोनं १५३८ मध्ये पाण्यावरून पाहिलं, नदीच्या तोंडाची खोली मोजली, गावाचं चित्र करून वहीत लावलं. नऊ-दहा वर्षांनी त्याच्याच हुकमानं त्या चित्रातलं गाव जळलं. खाडीत कुठून शिरायचं, दांडा कुठे आहे, भरती कधीची धरायची, हे सगळं त्यानं आधीच लिहून ठेवलेलं होतं. त्याची वही त्या दिवशी कुणा नाखव्याच्या हातात होती की नाही ते सोडा. असल्या वह्या लिहिल्या जातात त्या याच कामासाठी.

आता लोक म्हणतील, तो काळच तसा होता. होता. आदिलशाही आणि सुलतानाच्या फौजाही काही फुलं वाटत फिरत नव्हत्या. पण ज्याला काही दिसतच नाही त्यानं जाळणं वेगळं. कास्त्रोला दिसत होतं, तपशिलानं दिसत होतं, आणि त्यानं जाळलं. मला या माणसाचं कुतूहल आहे आणि त्याचा रागही येतो. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत, हाच काय तो त्रास.

युकातानमध्ये याचं जुळं भावंड सापडतं. दिएगो द लांदा हा स्पॅनिश पाद्री. १२ जुलै १५६२ ला मानी या गावी त्यानं माया लोकांच्या मूर्ती आणि चित्रलिपीतल्या पोथ्या ढिगानं जाळल्या. सैतानाचं लिखाण म्हणून. आज जगात माया लिपीतल्या अवघ्या चार पोथ्या उरल्यात. याच लांदानं पुढे काही वर्षांत माया लोकांच्या चालीरीती, कालगणना, देव, शेती यांवर सविस्तर टिपणं लिहिली, त्यांच्या अक्षरांचा तक्तासुद्धा दिला. विसाव्या शतकात युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकानं माया लिपीचं कुलूप उघडलं ते याच तक्त्याच्या आधारानं. तुलुमला दादाच्या गाइडनं जी माहिती दीड तासात सांगितली, तिचा बराच भाग शेवटी ज्यानं पोथ्या जाळल्या त्याच्याच कागदांतून आलेला असणार.

कास्त्रो फार जगला नाही. राजानं खूश होऊन त्याला व्हाइसरॉय केलं, मुदत वाढवली, बक्षीस पाठवलं. ती बातमी गोव्याला पोचली तोवर तो अंथरुणाला खिळला होता. ६ जून १५४८ ला, ऐन पावसाच्या तोंडावर, तो गेला. तेव्हा उशाशी फ्रान्सिस झेवियर होता, तोच, ज्याचं शव आपण जुन्या गोव्यात रांगा लावून बघतो. मेल्यावर पेटी उघडली तर त्यात काही चिल्लर आणि तो दाढीच्या केसांचा झुबका निघाला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. चरित्रकार आपल्या नायकांना गरीब मारायला नेहमीच उत्सुक असतात, तेव्हा यातलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण पैसे खाल्ल्याचा आरोप त्याच्या शत्रूंनीही फारसा केलेला नाही. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या.

त्याच्याआधी आणखी एक गोष्ट इथून पोर्तुगालला गेली होती. सिंत्राच्या त्या बागेत नागरी अक्षरं कोरलेली एक मोठी शिळा होती. कास्त्रोनंच ती पाठवली असं मानलं जातं. दीवपासून जवळच असलेल्या सोमनाथ-पाटणची ती शिळा. अडीचशे वर्षं तिथल्या कुणालाही ती वाचता आली नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स विल्किन्स या इंग्रज संस्कृतज्ञानं तिचं भाषांतर केलं, पुढे इतर पंडितांनी ती नीट लावली. लेख १२८७ चा निघाला. त्यात आहे त्रिपुरांतक नावाच्या एका शैव साधूची कहाणी. तो केदारला गेला, प्रयागला गेला, श्रीशैलला, नर्मदेवर, मग गोदावरीच्या काठी आपल्या त्र्यंबकेश्वरला, तिथून रामेश्वर, आणि सगळा देश पालथा घालून शेवटी समुद्रकाठी सोमनाथला पोचला. तिथं त्यानं पाच देवळं बांधली आणि आपला प्रवास दगडावर कोरून ठेवला. म्हणजे एका प्रवाशाची डायरी दुसऱ्या प्रवाशानं उचलून घरी नेली, तीही न वाचता.

घारापुरीलाही असा एक कोरीव लेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून राजाकडे पाठवला, तिकडे कुणाला वाचता आला नाही, आणि मग तो हरवला. इतिहासकार दिओगो द कोउतोनं ही हकीकत लिहिलीय. लेणं कुणी कोरलं हे आज आपल्याला नक्की सांगता येत नाही. त्या दगडावर कदाचित ते लिहिलेलं असतं. सैनिकांनी मूर्तींवर हत्यारं चालवली, बंदुका झाडल्या, हेही जुन्या लेखकांनी लिहून ठेवलंय. गेटवेहून लाँच पकडून जाल तेव्हा (सोमवार सोडून, सोमवारी लेणं बंद असतं) मूर्तींचे खालचे भाग बघा. वरचे चेहरे शाबूत आणि गुडघ्यांखाली काहीच नाही, असं का ते कळेल.

हे सगळं ऐकून दादा गप्प झाला होता. अंधार पडला, लाटा मोठ्या झाल्या, लाइफगार्डनं शिट्टी मारून पाण्यातल्या मंडळींना बाहेर काढलं. लांब उत्तरेला जयगडकडे जाणाऱ्या कुठल्याशा मालवाहू जहाजाचे दिवे दिसत होते. दुसऱ्या दिवशी आम्हाला रत्नागिरीला थिबा पॅलेस बघायला जायचं होतं. दादानंच बेत बदलला. दाभोळला जाऊ म्हणाला.

सकाळी मालगुंडवरून जयगड गाठलं. तिथं गाड्या फेरीबोटीत चढवल्या. समोर तवसाळ, मधे शास्त्रीची खाडी, जिची खोली कास्त्रोनं लिहून ठेवली होती. बोट सुटल्यावर धाकट्या भावाला आठवण झाली आणि त्यानं मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. उत्तर भलतीकडेच. तो बोटीच्या लोखंडी कठड्याजवळ गेला, काटा आणखी फिरला. मधोमध आला तर तिसरीकडेच. मग आम्ही सगळ्यांनीच आपापले फोन काढले. सहा फोन, सहा उत्तरदिशा. बोटीवरचा पोऱ्या आमच्याकडे बघत होता, की ही शहाणी माणसं खाडी ओलांडताना काय शोधतायत.

गुहागरमार्गे धोपाव्याला पोचलो, दुसरी फेरी घेतली आणि दुपारी दाभोळला उतरलो. धक्क्याला मासळीच्या होड्या लागलेल्या, बर्फाच्या गाडीभोवती गडबड. मागे माडांतून आदिलशाही मशिदीचा घुमट दिसत होता. गाडीतून खाली उतरल्यावर भावानं पुन्हा फोन पाहिला. काटा थोडा थरथरला आणि उत्तरेला जाऊन थांबला.